डिस्को : दार कोणासाठी उघडं होतं?

मराठीत 'डिस्को' हा शब्द नाम म्हणून आला आणि बघता बघता विशेषण होऊन बसला. चकचकीत शर्ट म्हणजे डिस्को शर्ट, मांडवातली लुकलुकणारी माळ म्हणजे डिस्को लाइट, नवरात्रात ड्रमसेटवर रंगणारा गरबा म्हणजे डिस्को दांडिया. या सगळ्या वापरांत थोडा चेष्टेचा सूर आहे. ऐंशीच्या दशकात जे तरुण होते त्यांना मिथुन चक्रवर्तींचा पांढरा पोशाख आठवतो आणि हसू येतं. त्यांच्या आधीच्या पिढीला हिंदी चित्रपटसंगीताचा ऱ्हास जिथून सुरू झाला ती जागा आठवते आणि हसूही येत नाही. संगीताच्या गंभीर चर्चेत डिस्कोच्या वाट्याला एखादं वाक्य येतं, तेही बहुधा तक्रारीचं.

ही चेष्टा फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत तर ती एका रात्री मैदान उद्ध्वस्त करण्यापर्यंत गेली. एका नाचाच्या संगीताचा लोकांना इतका राग का यावा, हा प्रश्न मनात आला की डिस्कोचा इतिहास वेगळा दिसू लागतो. मग तो निव्वळ फॅशनचा इतिहास उरत नाही. नाचायला जागा कोणाला मिळाली, ती कोणाच्या नावावर झाली आणि शेवटी दाराबाहेर कोण उभं राहिलं, याचा तो इतिहास ठरतो.

शब्द आधी, संगीत नंतर

फ्रेंच भाषेत पुस्तकांच्या संग्रहाला 'बिब्लिओतेक' म्हणतात. त्याच धर्तीवर तबकड्यांच्या संग्रहाला 'डिस्कोतेक' म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धात पॅरिसवर जर्मनांचा ताबा असताना जॅझ ऐकणं संशयास्पद ठरत होतं, आणि तळघरांत तबकड्या लावून ते चोरून ऐकलं जाई. युद्धानंतर पॅरिसमध्ये तबकड्यांवर नाचायचे क्लब रीतसर निघाले. वाद्यवृंदाऐवजी तबकडी, म्हणजे संगीतकार खोलीत नसतानाही नाच, ही कल्पना तिथे रुळली. साठच्या दशकात ती न्यूयॉर्कच्या श्रीमंत वर्तुळात फॅशन म्हणून आली आणि दशक संपता संपता ओसरलीही. 'डिस्को' नावाचं संगीत तेव्हा जन्मलेलंच नव्हतं. जागेचं नाव आधी होतं, आणि त्या जागेत वाजणाऱ्या संगीताला ते मागाहून चिकटलं.

त्या काळचं न्यूयॉर्क उतरणीला लागलेलं शहर होतं. कारखाने शहराबाहेर जात होते आणि मॅनहॅटनच्या दक्षिण भागात त्यांचे उंच छताचे, मोठ्या खिडक्यांचे मजले रिकामे पडत होते. 1975 पर्यंत महापालिका दिवाळखोरीच्या कडेला पोहोचली. पडत्या भाड्याच्या या मजल्यांवर आधी चित्रकार आले आणि पाठोपाठ नाचणारे.

647, ब्रॉडवे

डेव्हिड मँकुसो हा असाच एका मजल्यावर राहणारा तरुण. त्याचं सुरुवातीचं बालपण अनाथालयात गेलं होतं. तिथली एक नन मुलांसाठी तबकड्या लावून छोट्या मेजवान्या करायची, ही आठवण तो पुढे आवर्जून सांगत असे. 14 फेब्रुवारी 1970 रोजी त्याने 647, ब्रॉडवे इथल्या आपल्या राहत्या जागेत मित्रांना नाचायला बोलावलं. हळूहळू त्या मेळाव्यांना 'द लॉफ्ट' हे नाव पडलं.

लॉफ्ट हा क्लब नव्हता. तिथे फक्त निमंत्रितांना प्रवेश होता आणि दारू विकली जात नव्हती. घरगुती मेजवानी असल्याने परवान्याचा प्रश्न येत नव्हता, आणि परवान्याच्या निमित्ताने होणारा पोलिसांचा जाचही बराच टळत होता. याचं महत्त्व कळण्यासाठी आठ महिने मागे जावं लागतं. जून 1969 मध्ये स्टोनवॉल नावाच्या बारवर पोलिसांनी धाड घातली आणि तिथल्या समलिंगी गिऱ्हाइकांनी उलटून प्रतिकार केला. दोन पुरुषांनी एकत्र नाचणं हे त्या शहरात पोलिसांना बोलावण्याचं कारण होऊ शकत होतं. लॉफ्टमध्ये येणाऱ्यांत कृष्णवर्णीय होते, पोर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांतली मुलं होती, समलिंगी स्त्री-पुरुष होते आणि यांपैकी काहीही नसलेले गोरेही होते. शहरात अन्यत्र एका छताखाली सहसा न दिसणारी ही माणसं इथे एकाच ठेक्यावर नाचत होती.

मँकुसो तबकडी मध्येच तोडत नसे. रात्रीच्या सुरुवातीला संथ, मग हळूहळू चढत जाणारं आणि पहाटे पुन्हा शांत होणारं, असा त्याचा क्रम असे. आपल्याकडच्या रात्रभराच्या भजनाला जशी चढती भाजणी असते, तशी ही रचना होती. त्याच सुमारास एका जुन्या जर्मन चर्चच्या इमारतीत सुरू झालेल्या 'सँक्च्युअरी' नावाच्या क्लबात फ्रान्सिस ग्रासो वेगळं तंत्र घडवत होता. एक तबकडी वाजत असताना दुसरी तो हेडफोनवर ऐकायचा, दोघींची लय जुळवायचा आणि एकीतून दुसरीत असा शिरायचा की नाचणाऱ्याचं पाऊल थांबू नये. आजचा प्रत्येक डीजे जे करतो, त्याचा पाया हा आहे.

या खोल्यांची ताकद 1973 मध्ये दिसली. कॅमेरूनचा सॅक्सोफोनवादक मनू डिबांगो याची 'सोल मकोसा' ही रचना मुळात एका फुटबॉल स्पर्धेसाठी केलेल्या गाण्याच्या मागच्या बाजूला होती. मँकुसोला ती तबकडी ब्रुकलिनच्या एका दुकानात मिळाली. तो ती वाजवू लागला, आणि शहरात आल्या होत्या तेवढ्या प्रती संपून गेल्या. मग रेडिओने ती उचलली, कंपनीने हक्क घेतले आणि ती अमेरिकेच्या विक्रीयादीत पोहोचली. एरवी रेडिओ ठरवायचा आणि लोक नाचायचे. इथे नाचणाऱ्यांनी ठरवलं आणि रेडिओ मागून आला.

ठेका आणि तबकडी

नाचणाऱ्यांना काय हवं आहे हे कळल्यावर संगीत तसं घडू लागलं. त्याचं मोठं केंद्र होतं फिलाडेल्फिया. केनी गँबल आणि लिऑन हफ या निर्मात्यांकडे अर्ल यंग नावाचा ड्रमवादक होता. 1973 च्या 'द लव्ह आय लॉस्ट' या गाण्यात त्याने चारही मात्रांवर बास ड्रमचा सारखा ठोका ठेवला आणि दोन ठोक्यांच्या मध्ये झांजेचा उघडा, फुस्स आवाज भरला. रॉक किंवा सोल संगीतात जोर सहसा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. इथे चारही मात्रा पायाखाली आल्या. ज्याला नाच येत नाही त्याचंही पाऊल चुकेना, आणि डीजेला दोन तबकड्या जुळवणं सोपं झालं.

या ठेक्यावरच पुढे 'यंत्रवत', 'एकसुरी' असे शिक्के बसले. पण ठेका सारखा चालतो म्हणून आपण ख्यालाला एकसुरी म्हणत नाही. धरून ठेवणं हे ठेक्याचं काम असतं. त्याच्यावर काय चाललं आहे ते ऐकायचं असतं. फिलाडेल्फियाच्या गाण्यांत त्या ठोक्यावर व्हायोलिनांचे थवे, पितळी वाद्यांची उत्तरं आणि स्वतःच्या वाटेने चालणारी बास गिटार आहे. चर्चमध्ये गाऊन तयार झालेले आवाज आहेत. मोठ्या वाद्यवृंदांना लोकप्रिय संगीतात इतकं काम त्यानंतर क्वचितच मिळालं.

दुसरा बदल तबकडीत झाला. टॉम मोल्टन हा गृहस्थ फायर आयलंड या बेटावर सुट्टीला गेला असताना त्याच्या लक्षात आलं, की लोक रंगात येतात तेवढ्यात तीन मिनिटांचं गाणं संपतं आणि नाच मोडतो. त्याने गाणी एकमेकांत गुंफलेली टेप बनवली आणि पुढे स्टुडिओत बसून गाणीच लांबवायला सुरुवात केली. 45 फेऱ्यांच्या सात इंची तबकडीवर तीन-चार मिनिटांपलीकडे गेलं की खाचा दाटीने कोराव्या लागतात आणि आवाज, विशेषतः खर्ज, बारीक होतो. एकदा सात इंची कोऱ्या चकत्या संपल्या म्हणून मोल्टनचं गाणं मोठ्या चकतीवर कोरलं गेलं. ऐसपैस खाचांमुळे खर्ज असा काही उमटला, की अडचणीतून निघालेली ही वाट सगळ्यांनी धरली. 1976 मध्ये डबल एक्स्पोजर या गटाचं 'टेन पर्सेंट' हे गाणं, डीजे वॉल्टर गिबन्सने नव्याने बांधलेल्या लांब रूपात, बारा इंची तबकडीवर दुकानात विक्रीला आलं. डीजे हा तोवर तबकड्या वाजवणारा होता, आता तो त्या घडवणारा झाला.

तिसरा बदल युरोपातून आला. जर्मनीतल्या म्युनिक शहरात काम करणारा इटालियन संगीतकार जॉर्जिओ मोरोडर आणि अमेरिकन गायिका डॉना समर यांनी 1977 मध्ये 'आय फील लव्ह' केलं. त्यात जवळजवळ सगळं संगीत सिंथेसायझरचं आहे. माणसाचा आवाज एक, बाकी यंत्र. पुढच्या चाळीस वर्षांतल्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा आराखडा त्या एका गाण्यात सापडतो.

1977 : गोष्ट बदलते

आतापर्यंतच्या गोष्टीतली बहुतेक माणसं जगाला ठाऊक नव्हती. जगाला डिस्को माहीत झालं ते डिसेंबर 1977 मध्ये आलेल्या 'सॅटर्डे नाइट फीवर' या चित्रपटामुळे. ब्रुकलिनमधल्या रंगाच्या दुकानात काम करणारा इटालियन वंशाचा तरुण दर शनिवारी नाचाच्या फरशीवर राजा होतो, ही त्याची कथा. तिचा आधार होता 1976 मध्ये 'न्यूयॉर्क' मासिकात छापून आलेला निक कोन यांचा वृत्तांत. पुढे वीसेक वर्षांनी कोन यांनी कबूल केलं, की त्यातला बराचसा मजकूर त्यांनी रचलेला होता आणि नायक लंडनमधल्या त्यांच्या एका जुन्या ओळखीच्या तरुणावरून बेतला होता. म्हणजे डिस्कोची जगाने मान्य केलेली गोष्ट एका बनावट बातमीवर उभी होती. चित्रपट वाईट नाही. कष्टकरी तरुणाच्या कोंडीचं चित्रण त्यात खरं आहे. पण नायक गोरा आणि स्त्रियांवर भाळणारा, आणि मुख्य आवाज बी जीज या गोऱ्या भावांचा. त्या संग्रहात कृष्णवर्णीय कलावंतांची गाणीही होती, पण चेहरा ठरून गेला होता. हा संग्रह अमेरिकेच्या विक्रीयादीत 24 आठवडे पहिला राहिला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्कात 'स्टुडिओ 54' उघडलं. लॉफ्टमध्ये निमंत्रण होतं ते आत आलेल्यांना बाहेरच्या जाचापासून जपण्यासाठी. इथे मालक स्टीव्ह रुबेल स्वतः दाराशी उभा राहून गर्दीतून माणसं निवडायचा, आणि निवड दिसण्यावर आणि प्रसिद्धीवर व्हायची. 1977 च्या वर्षअखेरीच्या रात्री नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स या दोन कृष्णवर्णीय संगीतकारांना आमंत्रण असूनही दारातून परत पाठवलं गेलं. आत कदाचित त्यांच्याच 'शीक' या गटाची गाणी वाजत असतील. चिडून घरी गेलेल्या त्या दोघांनी दारवानाला घातलेली शिवी गुणगुणता गुणगुणता एक गाणं रचलं. शिवी बदलून ते 'ल फ्रीक' या नावाने 1978 मध्ये आलं आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ज्यांनी संगीत केलं तेच दाराबाहेर, हा या इतिहासाचा सारांश त्या एका रात्रीत आहे.

शिकागोची रात्र

1978-79 मध्ये डिस्कोचा पूर आला. रेडिओ केंद्रांनी रॉक सोडून डिस्को धरलं आणि जाहिरातींपासून मुलांच्या कार्यक्रमांपर्यंत तोच ठेका वाजू लागला. शिकागोतल्या स्टीव्ह डाल या रेडिओ निवेदकाची नोकरी अशाच एका बदलात गेली. दुसऱ्या केंद्रावर रुजू झाल्यावर त्याने डिस्कोविरुद्ध मोहीमच उघडली. 12 जुलै 1979 रोजी कोमिस्की पार्क या बेसबॉल मैदानावर दोन सामने होते. डिस्कोची तबकडी आणणाऱ्याला 98 सेंटमध्ये प्रवेश आणि दोन सामन्यांच्या मध्ये त्या तबकड्यांचा स्फोट, असा बेत ठरला. मैदानात सुमारे 48,000 लोक आले आणि बाहेरही हजारो अडकले. स्फोट झाला, मैदानाला खड्डा पडला आणि हजारो तरुण गवतावर उतरले. पोलिसांनी 39 जणांना पकडलं. दुसरा सामना होऊच शकला नाही आणि यजमान संघाला तो गमवावा लागला.

आपला रोख फक्त संगीतावर होता, असं डाल यांनी पुढे वारंवार सांगितलं. त्यांच्या हेतूचा न्याय आपण इथे करू शकत नाही. पण त्या रात्री मैदानावर विन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा लोकांना जागा दाखवण्याचं काम करत होता. लोक आणत असलेल्या तबकड्यांत डिस्कोशी संबंध नसलेल्या कृष्णवर्णीय गायकांच्याही पुष्कळ तबकड्या होत्या, असं त्याने नंतर सांगितलं. गर्दीच्या मनात संगीत आणि ते करणारी माणसं वेगळी राहिली नव्हती, हे त्या ढिगाऱ्यावरून कळतं.

डिस्को केवळ या रात्रीमुळे संपलं असं म्हणणं मात्र सोपं उत्तर होईल. बाजारात त्याच ठेक्याच्या शेकडो निकृष्ट तबकड्या ओतल्या गेल्या होत्या आणि 1979 मध्ये अमेरिकेचा एकूण तबकडी-उद्योगच मंदीत सापडला. कंपन्यांनी डिस्को हे नाव टाकलं. सर्वोत्तम डिस्को ध्वनिमुद्रणाचा ग्रॅमी पुरस्कार 1980 मध्ये ग्लोरिया गेनर यांना मिळाला आणि दुसऱ्या वर्षी तो विभागच रद्द झाला.

नाव गेलं, नाच राहिला. न्यूयॉर्कात लॅरी लेव्हन 'पॅराडाइज गराज'मध्ये 1987 पर्यंत वाजवत राहिला. त्याचा मित्र फ्रँकी नकल्स 1977 मध्येच शिकागोला 'वेअरहाऊस' या क्लबात गेला होता. तिथे तो जुन्या डिस्को तबकड्या यंत्रावरच्या ठेक्यांशी जोडून वाजवायचा. त्या संगीताला क्लबाच्या नावावरून 'हाऊस' म्हणू लागले. 1984 मध्ये जेसी साँडर्सची 'ऑन अँड ऑन' ही तबकडी आली. हाऊस संगीताच्या अगदी पहिल्या तबकड्यांत ती मोजली जाते, आणि तिच्या निर्मितीत साँडर्सचा साथीदार होता तोच विन्स लॉरेन्स, कोमिस्की पार्कमध्ये जागा दाखवणारा मुलगा. तिकडे शीकच्या 'गुड टाइम्स'च्या बास गिटारवर 1979 मध्ये 'रॅपर्स डिलाइट' उभं राहिलं आणि रॅप संगीत पहिल्यांदा विक्रीयादीत गेलं.

पण या फरशीवरची कितीतरी माणसं पुढचं दशक पाहू शकली नाहीत. एड्सच्या साथीने तो समाज पोखरला. 'यू मेक मी फील' या गाण्याने जगभर पोहोचलेला गायक सिल्व्हेस्टर 1988 मध्ये गेला. डिस्कोचा इतिहास इतकी वर्षं इतरांच्या तोंडून सांगितला गेला, याचं एक कारण हेही आहे की ज्यांनी तो सांगायचा ते उरले नव्हते.

मुंबईतला ठेका

डिस्को आपल्याकडे आलं तेव्हा हा सगळा इतिहास मागे राहिला होता. पण ते घडवणाऱ्यांत आपला एक माणूस आधीपासून होता. बंगळूरला वाढलेला, मुंबईत वाद्यवृंदातून गायलेला बिद्दू साठच्या दशकात इंग्लंडला गेला. 1974 मध्ये त्याने निर्मिलेलं 'कुंग फू फायटिंग' ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. फिरोज खान यांच्या 'कुर्बानी'साठी त्याने लंडनमध्ये नाझिया हसन या किशोरवयीन पाकिस्तानी मुलीच्या आवाजात एक गाणं ध्वनिमुद्रित केलं. 1980 मध्ये ते गाणं उपखंडभर गाजलं, आणि 1981 च्या 'डिस्को दीवाने' या संग्रहाने सिनेमाशिवायही गाणी खपू शकतात हे दाखवून दिलं.

डिसेंबर 1982 मध्ये बब्बर सुभाष यांचा 'डिस्को डान्सर' आला. बप्पी लाहिरींच्या चालींत परदेशी सुरावटींच्या उचली होत्या, हे खरंच आहे. कथेकडे मात्र आपण कधी नीट पाहिलं नाही. लहानपणी श्रीमंताच्या घरात चोरीचा आळ येऊन आईसह मुंबई सोडावी लागलेला रस्त्यावरचा गायक मुलगा परत येतो आणि त्याच श्रीमंताच्या मुलाला नाचाच्या मंचावर हरवतो. लॉफ्ट आणि स्टोनवॉल यांतलं काहीही माहीत नसलेल्या या चित्रपटाला डिस्कोचा मूळ प्रश्न मात्र अचूक सापडला होता: आत कोणाला घ्यायचं? 1984 पासून सोव्हिएत संघातल्या कोट्यवधी प्रेक्षकांनी तो पाहिला.

त्याच 1982 मध्ये मुंबईत आणखी एक तबकडी निघाली, ती कोणाच्या लक्षातही आली नाही. चरणजित सिंग हे चित्रपटसंगीतात वाजवणारे अनुभवी वादक. त्यांनी नव्याने बाजारात आलेली रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेतली, डिस्कोच्या ठेक्यावर भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग वाजवले आणि एचएमव्हीने ते प्रसिद्ध केले. ती खपली नाही. बास गिटारची नक्कल करण्यासाठी बनवलेलं यातलं एक यंत्र जगभरही फसलं आणि जुन्या मालात स्वस्तात मिळू लागलं. शिकागोच्या तरुणांनी ते उचललं आणि 1987 मध्ये 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' या तबकडीतून अ‍ॅसिड हाऊस जन्माला आलं. 2010 मध्ये चरणजित सिंग यांची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले श्रोते चकित झाले. तोच आवाज, पाच वर्षं आधी, मुंबईत! शिकागोच्या मुलांनी ती ऐकलेली नव्हती, तेव्हा प्रभावाचा दावा करण्यात अर्थ नाही. दोन शहरांत एकाच यंत्राशी खेळताना दोघांना एकच आवाज सापडला, एवढंच म्हणता येतं. पण आपल्या डिस्कोकडे आपणच न पाहिल्याने काय हरवतं, याचं हे उदाहरण आहे. शेवटी युरोपातल्या एका संग्राहकाला ते सापडावं लागलं. 2015 मध्ये सिंग मुंबईत वारले.

भिंत

या सगळ्या प्रवासातला एक शब्द आज महाराष्ट्राच्या गल्लोगल्ली आहे. इंग्रजीत डीजे म्हणजे तबकड्या वाजवणारा माणूस. मराठीत डीजे 'लावतात', डीजे 'येतो', डीजेवर 'बंदी' येते. माणूस नाहीसा झाला आणि ट्रकवर रचलेल्या स्पीकरांच्या भिंतीला त्याचं नाव मिळालं. मिरवणुकीत ती भिंत पुढे जाते तेव्हा खिडक्यांची तावदानं थरथरतात, आणि आजारी म्हाताऱ्यांच्या घरी कापसाचे बोळे निघतात.

मँकुसोचे स्पीकर त्या काळी खाजगी घरात असू शकतील अशांतले सर्वोत्तम होते. तरीही आवाज कानाला दुखेल इतका जाऊ नये, यावर त्याचा कटाक्ष असे. नाचता नाचता शेजाऱ्याशी बोलता आलं पाहिजे, असं त्याला वाटे. ज्यांना शहरात कुठे मोकळेपणी उभं राहता येत नव्हतं त्यांच्यासाठी ती खोली होती, आणि तिथे एकमेकांचं ऐकू येणं हा सोयीचा भाग नव्हता, तो त्या खोलीचा हेतूच होता. आपल्या भिंतीपुढेही एरवी कोणी विचारत नाही अशी मुलं वर्षातून एकदा मनसोक्त नाचतात. त्या नाचाची चेष्टा करणाऱ्यांत मी नाही. मात्र तिथे शेजारी नाचणाऱ्याशी एक शब्दही बोलता येत नाही, आणि नेमकी तीच गोष्ट 647, ब्रॉडवेहून इथवर येताना वाटेत गळून पडली.